मायचं वजन

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही. नवऱ्याने नाही, मुलीने नाही. आईला सांगायची वेळ दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी चहा टाकायला उठले. आता आई नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि म्हणून मध्येच "जाऊ दे गं, किती मनाला लावून घेशील" असं म्हणणार नाही. मला ते वाक्य नको आहे.

मी एका विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात आहे. विभागाचा संग्रह माझ्या ताब्यात असतो — खापरं, मणी, लोखंडाची गंजलेली पाती, हात तुटलेल्या मूर्ती. प्रत्येक वस्तूवर बारीक ब्रशने क्रमांक घालायचा आणि ती फडताळात ठेवायची. बाहेरच्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला कधी वाटलं नाही. दर वर्षी नवी मुलं येतात आणि पहिल्याच दिवशी मी त्यांना एक गोष्ट शिकवते. कुठलीही वस्तू धुवायला घेण्याआधी बोट ओलं करायचं, वस्तूच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात एक थेंब लावायचा, आणि थांबायचं. भाजलेली माती पाणी पिते आणि तशीच राहते. कच्ची माती विरघळते. मुलं वहीत लिहून घेतात. एक थेंब, एवढंच.

हे मलाही पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

आता मावशीबद्दल सांगते. मी आंधळगावची. वडिलांचं तिथं कापडाचं दुकान होतं. आईची थोरली बहीण पारबता मावशी सिहोऱ्याच्या पुढे एका गावात दिलेली. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या लोकांनी काही केलेलं नाही. मावशीला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला. दोन बांध्या, म्हणजे धानाची दोन खाचरं, एक म्हैस, आणि माय. गावाच्या तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखालच्या देवळीत बसलेली ती माय — दीड वीत उंच, शेंदराने माखलेली, चांदीचे दोन डोळे. तिचं करणं, म्हणजे पूजा आणि देखभाल, मावशीकडे होतं. तिच्या सासूने तिच्या हाती दिलेलं, सासूला तिच्या सासूने.

वर्षातून एकदा मायची फेरी निघे. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू व्हायच्या दिवशी मायचं करणारी बाई मायला डोक्यावर घेऊन गावच्या बांध्यांच्या धुऱ्याधुऱ्याने, त्या अरुंद बांधांवरून, चालायची. हात लावायचा नाही, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर माय. मागे सगळं गाव. मग पहिल्या बांधीत मायसमोर पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, पहिली मूठ रोवायची, आणि तोवर गावात कुणी चिखलात हात घालायचा नाही. मावशी एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या दिवशी तिची मान अशी असायची की आम्ही पोरी तिला हसायचो, आणि मनातून आम्हालाही तशी मान हवी असायची.

मी तेव्हा विभागात नवी होते, नोकरी कायम व्हायची होती. तलावांच्या काठची जुनी ठिकाणं पाहत आमचे सर मला घेऊन त्या गावी आले, मायपुढे बसले आणि मला हळूच म्हणाले की शेंदराखाली फार जुनं काही असू शकतं. त्यांनी गावाला विचारलं, मायला थोडे दिवस विभागात नेऊ द्याल का? गावाने सरळ नाही म्हटलं. बरोबरच केलं.

मग मी मावशीला विचारलं. सरांनी सांगितलं नव्हतं. मीच.

गाव बसलं. मावशी बायकांच्या मागून उठून पुढे आली आणि म्हणाली, "माही पोर हाये थे. मी जिम्मा घेतो. रोवण्याच्या आधी माय घरी येईन." त्यावर गाव तयार झालं. मी एसटीत मायला मांडीवर घेऊन बसले, साडीच्या पदराखाली, लहान मूल न्यावं तशी. ही मांडीवरची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सर दोन आठवड्यांसाठी परगावी गेले. जाताना बजावून गेले की फक्त मोजमाप आणि फोटो, शेंदराला हात लावायचा तो मी आल्यावर. मी उंची घेतली, घेर घेतला. वजनाचा काटा दुसऱ्या खोलीत होता, म्हणून वजन राहिलं. आणि मग रोज ती माय टेबलावरून माझ्याकडे बघायची आणि मला वाटायचं — सर येतील तेव्हा टेबलावर उघडी मूर्ती असेल. मुलाखतीत सांगायला काहीतरी असेल. खोटं कशाला बोलू, देवीबद्दलचं कुतूहल त्यात थोडं होतं, बाकी सगळी माझी हाव.

ॲसिटोन लावून पुढचा थर सैल केला. पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर आणि तेल, त्याचं कवच झालेलं. ते डोळ्यांसकट, एका अख्ख्या तुकड्यात सुटून माझ्या हातात आलं. आत काळंभोर, गुळगुळीत, थंड. मला वाटलं, दगड. घाटसुद्धा दिसत होता — खांदे, छातीचा उठाव. मी एकटीच हसले. उरलेला शेंदूर मऊ पडावा म्हणून खापरं भिजवायच्या टबात तिला ठेवलं, पाणी सोडलं आणि चहा प्यायला कँटीनमध्ये गेले.

परत आले तर टबात पाणी नव्हतं, गाळ होता.

तुम्ही कच्ची माती पाण्यात बसताना पाहिली आहे? आवाज होत नाही. कडेने एकेक पापुद्रा सुटतो आणि खाली बसतो. मधोमध एक खांदा अजून उभा होता. मी दोन्ही हात घातले आणि तो माझ्या बोटांमधून निघून गेला. ती दगडाची नव्हतीच. कुणीतरी, कधीतरी, त्याच तलावाच्या मातीची घडवलेली, न भाजलेली. तेल मुरून मुरून काळी पडलेली. इतकी वर्षं तिला उभं ठेवलं होतं ते वरच्या शेंदराने, म्हणजे त्या बायकांच्या हातांनी. आणि मी आधी तेच सोलून काढलं होतं.

मी रडले का? नाही. पहिल्यांदा दाराला कडी घातली.

पुढचं मी फार नीट केलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. विभागामागच्या आवारात दगडांचा ढीग आहे, कुठून आले कुणालाच ठाऊक नाही असे. त्यातून जुन्या खांबाचा एक तुकडा निवडला. उंची आणि घेर माझ्याकडे होताच. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसने खांदे चढवले, मायचं कवच चांदीच्या डोळ्यांसकट पुढून बसवलं, कडा बुजवल्या, आणि वरून शेंदूर आणि तेल. जुन्या वस्तूंना जोड कसा द्यावा हे आम्हाला शिकवलेलं असतं. नियम असा की जोड दिसला पाहिजे. मी तो दिसू दिला नाही. सरांना सांगितलं, गावाने घाई केली, काही करता आलं नाही. सरांनी एक सुस्कारा सोडला आणि विषय संपला.

परतीच्या एसटीत मायला मांडीवर घेतलं. शहराबाहेर पडेपर्यंत मांड्या दुखायला लागल्या, भंडाऱ्याच्या अलीकडे बधिर झाल्या. मग मी तिला खाली ठेवलं. पायांशी, चपलांमध्ये. तुमसर येईपर्यंत मला एवढंच कळत होतं की ही जाताना अशी नव्हती. म्हणजे मला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं. कुणी विचारलं की तुला कसं कळणार होतं, म्हणून हे सांगून ठेवते.

मावशी स्टँडवर उभी होती. तिने मायला हातात घेतलं, खांदे जरा खाली गेले, आणि ती हसली. "माय भरली वं," म्हणाली. "शहराचं पाणी मानवलं दिसते मायले."

तेव्हा बोलायला हवं होतं. स्टँडवर आम्ही दोघीच होतो, चहाच्या टपरीवाल्याचं लक्षही नव्हतं. मी म्हटलं, चल मावशी, ऊन फार आहे.

तुम्हाला वाटेल, कबूल करायचं ते एवढंच. एवढंच असतं तर मी कदाचित बोलले नसते. देवाच्या नावाने लोक याहून मोठे घोटाळे करतात आणि निवांत झोपतात. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. तिच्याकडे यायला मला वेळ लागतो आहे, तेवढा द्या.

रोवण्याला मावशीने मला मुद्दाम बोलावलं. गावाला दाखवायचं होतं तिला — माझ्या पोरीने शब्द पाळला. मला नवी साडी घेतली होती. माय डोक्यावर चढली आणि फेरी निघाली. मी मागे चालत होते, मावशीच्या मानेकडे बघत. दर वर्षीची ती मान. पहिल्या धुऱ्यावर ती ताठ होती. दुसऱ्यावर तिच्या गळ्याच्या शिरा वर आल्या. पुढे ती पाय टाकण्याआधी थांबायला लागली. साठी उलटलेली बाई, ओला धुरा, दोन्ही बाजूंना चिखल, आणि डोक्यावर मी निवडलेला दगड. बायका गाणं म्हणत होत्या. मी मनात म्हणत होते, वळणापर्यंत. वळणापर्यंत नेऊ दे, मग सपाट आहे. मला तिची काळजी वाटत होती का? वाटत होती. पण खरं सांगते — त्याहून जास्त भीती वाटत होती ती प्लास्टरची.

वळणावर तिचा पाय गेला.

ती बांधीत आडवी पडली आणि माय दोन हात पुढे जाऊन चिखलात रुतली. मावशीच्या तोंडून निघालेला आवाज मला आजही ऐकू येतो. मी सगळ्यांत जवळ होते. आणि मला मावशी दिसलीच नाही. मला दिसला मायचा खांदा, टवका उडालेला, आणि आत पांढरंशुभ्र प्लास्टर.

मी धावले ती मायकडे. मावशीला ओलांडून. तिच्या अंगावरून माझा पाय गेला, तिच्या साडीला माझा चिखल लागला. मी मायवर पालथी पडले, दोन्ही ओंजळींनी त्या पांढऱ्यावर चिखल थापला, पदर गुंडाळला आणि तिला छातीशी धरून बसले. हीच ती गोष्ट. माणूस मोडून पडलं होतं आणि मी माझा जोड झाकत होते.

मागून लोक आले. त्यांनी काय पाहिलं? मायसाठी चिखलात झोकून देणारी शिकलेली पोर. कुणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि मावशी, मांडीचं हाड मोडलेली, चिखलात पडल्या पडल्या म्हणाली, "मले राहू द्या. माय कशी हाये, थे पाहा." मी म्हटलं, ठीक आहे. मग तिने डोळे मिटले. "बरं केलं वं बाई," म्हणाली. "तू पहिले मायकडं गेली."

तो खांदा मी त्याच दुपारी देवळीत एकटीने बसून शेंदराने बुजवला. मावशीला तेव्हा ट्रॅक्टरवर घालून तुमसरच्या दवाखान्यात नेत होते. मी सोबत गेले नाही. मी म्हटलं, मायजवळ कुणीतरी पाहिजे. तेही सगळ्यांना फार भावलं.

गावाने मावशीला दोष दिला असं नाही. निदान तोंडावर नाही. पण गाव बोलतंच. सासूच्या सासूपासून माय कधी पडली नव्हती. हिने गावाबाहेर धाडली, म्हणून कोपली. फेरी बंद पडली, कुणी डोक्यावर घ्यायला धजेना. मावशी काठी घेऊन चालायला लागली, पण पाळीवर चढणं तिला कायमचं सुटलं. दुरून, घराच्या ओट्यावरून, मोहाच्या झाडाला हात जोडायची. आणि तिने भात सोडला.

आमच्याकडे भात सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणं कठीण आहे. धानाचा मुलूख, जेवण म्हणजेच भात, पाहुणा जेवला का विचारायचं तर भात खाल्ला का विचारतात. तिने ठरवलं, माय माफ करेल तेव्हाच खाईन. स्वतःच्या बांधीचा तांदूळ ती दुसऱ्यांना वाढायची आणि स्वतः ज्वारीची भाकर कुस्करून खायची. दात गेल्यावर भाकर पाण्यात भिजवून. मी दर खेपेला शहरातून तिच्यासाठी चांगली ज्वारी घेऊन जायचे. शेजारणी म्हणायच्या, पोटच्या पोरीने केलं नसतं एवढं. आणि मावशी मला भात वाढायची, तिच्या हातचा, वरून तूप. मी तिच्यासमोर बसून तो खायचे.

दर खेपेला ती एकच विचारायची. "काहून कोपली असन वं माय माह्यावर? तू त शिकली हायेस, तुले त समजत असन." एका वाक्याचं काम होतं. मावशी, ती माय नाही, दगड आहे, तुझी काही चूक नाही, दगड जड होता. त्या वाक्याने ती भात खाऊ शकली असती. मी म्हणायचे, देव असा कोपत नसतो मावशी. शिकलेल्या माणसाला शोभेल असं. तिला ते पटायचं नाही, आणि कशाला पटावं?

सुरुवातीला माझी नोकरी आड होती. ती कायम झाली. मग सर होते, ते निवृत्त झाले. मग मुलीचं लग्न. प्रत्येक अडसर दूर झाला आणि मी तरी बोलले नाही, म्हणजे अडसर ते नव्हतेच. मला मावशीच्या डोळ्यांतली ती मी हवी होते, चिखलात मायकडे धावलेली. तेवढंच.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. शेवटी काही पोटात जात नव्हतं, तेव्हा डॉक्टरने पेज द्या म्हटलं. मी चमचा तोंडाशी नेला. तिला वासावरून कळलं, तांदळाची आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं. मला वाटतं ती विचारत होती, चालेल का, माफ केलं का? खोलीत आम्ही दोघीच होतो. मी काहीच म्हटलं नाही. तिने तोंड फिरवलं.

विभागात सगळ्यांत खालच्या फडताळात झाकणाचा एक डबा आहे. टबातली माती मी गाळून, वाळवून त्यात भरून ठेवली होती. आमच्या संग्रहात तिच्यावर क्रमांक नाही. मुलं विचारतात, मॅडम, यात काय आहे? मी सांगते, माती. तेवढं एक मी खरं सांगते.

आणि आता यंदाचं. मावशीच्या मागे गाव पुन्हा बसलं. फेरी सुरू व्हावी असं सगळ्यांच्या मनात होतं, पण माय घेणार कोण? एक म्हातारा म्हणाला, "जे पोर मायसाठी चिखलात पडली, तिच्याच डोक्यावर माय पाहिजे." मला फोन आला. नाही म्हणायला माझ्याकडे शंभर कारणं होती, पाठ, रजा, वय. मी हो म्हटलं. काहून, ते मला विचारू नका.

तर या रोवण्याला मी चालले. चुंबळ मावशीची होती. तो दगड किती जड आहे हे मला पहिल्यांदा मानेत कळलं, दुसऱ्या धुऱ्यावर, जिथे तिच्या शिरा वर आल्या होत्या. वळण आलं. मी पाय जपून टाकला आणि पार झाले. पुढे सपाटीवर एक म्हातारी उभी होती, मावशीच्या जोडीने आयुष्यभर रोवणा केलेली. ती वाकली, माझ्या चिखलाच्या पायांवर तिने डोकं टेकलं आणि म्हणाली, "पारबताचं पाप तुह्या हातानं फिटलं, बाई."

डोक्यावर दगड होता, मान हलवता येत नव्हती. पण तोंड मोकळं होतं. मी म्हटलं, "हो."

फेरीनंतर पंगत बसली. भात होता. मी जेवले.